गुंडूचा पट्टा

माझी फजिती ऐकायचीच आहे ना? मग चहा हातात घ्या, पण संपेपर्यंत हसू नका.

सर्जापूर रोडच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी बागेत बायकांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. मॅडमची पद्धत अशी, की एकीने एक शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ सांगायचा, तो आला कुठून ते सांगायचं आणि जमलं तर वस्तूही दाखवायची. माझ्या वाट्याला आला ‘अनलीश’.

मी बारावी शिकलेली बाई. आठवडाभर जीव टांगणीला. शेवटी मुलाने समजावलं. लीश म्हणजे कुत्र्याला फिरवायचा पट्टा. शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला आणि त्याचं मूळच म्हणे ‘सैल सोडणे’. पट्टा काढून कुत्रा मोकळा सोडला की अनलीश. हल्ली लोक राग अनलीश करतात, ताकद करतात, पण मूळचा तो कुत्राच.

मग वस्तू शोधायला लांब कशाला जायचं? समोरच्या दारातली पल्लवी बेळगावची, इथे एकटीच राहते. ती ऑफिसला गेली की तिचा कुत्रा गुंडू माझ्याकडे असतो. इतका आळशी, की त्याला फिरायला न्यायचं तर विनवण्या कराव्या लागतात. त्यालाच घेऊन गेले.

सगळ्यांसमोर म्हटलं, “धिस इज लीश.” मग पट्ट्याची कडी काढली. “नाऊ, अनलीश.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. गुंडू बिचकला आणि पाण्याच्या टँकरसाठी उघडलेल्या गेटमधून थेट बाहेर!

बाहेर संध्याकाळची वाहनं. वॉचमन म्हणाला, “अक्का, स्वल्प थांबा, मी बघतो.” मी कसली थांबते? हात मोकळे हवेत म्हणून पट्टा गळ्यात टाकला आणि धावले. शहाळेवाल्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं. दोघंही कुत्र्याचं सोडून माझ्याकडेच बघत राहिले. तेवढ्यात पल्लवीचा फोन वाजायला लागला. वाजतोय, थांबतोय, परत वाजतोय. उचलून सांगू काय? पोरीला या शहरात दुसरं आहे कोण?

रडकुंडीला येऊन परतले, तर गेटपाशी पल्लवी उभी आणि तिच्या पायाशी गुंडू, जांभई देत.

“काकू, फोन का उचलला नाही तुम्ही? मी रिक्षातून उतरले तर हा समोरच. तेच सांगायला करत होते की.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, जवळ आली आणि हलकेच माझ्या गळ्यातला पट्टा काढला.

मागे उभा असलेला आमचा सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “अनलीश.”