मारोतीमामांची ओळख

थोडं बोलायला माझ्या मारोतीमामांइतका वेळ घेणारा माणूस निजामाच्या सबंध राज्यात दुसरा नव्हता. बोरीच्या पारावर ते येऊन बसले, की घाईची माणसं आपापली कामं आधी उरकून येत. शब्द अडला की मामा तो सोडून जवळचा दुसरा धरत. ‘मीठ’ निघेना म्हणून गूळ मागत आणि गूळ घातलेलं पिठलं मुकाट्याने संपवत.

हीच सवय नडली. आजोबा वारल्यावर शेत नावावर करायला मामा तालुक्याच्या कचेरीत गेले. कारकुनाने नाव विचारलं. ‘मारोती’ काही केल्या बाहेर येईना, मागे माणसं खोळंबलेली. मामांनी घाबरून माझ्या वडिलांचं नाव, गणपत, सांगून टाकलं. कारकुनाने ते उर्दूत लिहिलं आणि ओळखीची खूण म्हणून ‘हकला’, म्हणजे तोतरा, हेही लिहून ठेवलं. मामांचं शेत असं घरच्या जावयाच्या नावावर चढलं. वडील इतके ओशाळले, की त्यांनी सासुरवाडीला जेवणंच सोडलं.

मग तोतरेपणा घालवायला मामा हैदराबादेत एका उस्तादांकडे सहा महिने राहिले आणि मांडीवर बोटाने ताल धरून घडाघडा बोलायला शिकून आले. गावाला ते मानवलं नाही. मामी म्हणायच्या, “ह्यो कोन पाव्हणा घरात बोलायलाय, मला उमजंना.” मीही त्यांच्याशी जरा अंतर राखूनच बोलायचो. खुद्द मामासुद्धा एखादं लांबलचक वाक्य संपलं, की मागे वळून पाहत.

नाव दुरुस्त करायला ते वडिलांना घेऊन पुन्हा कचेरीत गेले आणि ताल धरून स्वच्छ म्हणाले, “मी मारोती. शेत माझं आहे.”

कारकुनाने नोंद काढली. “इसमें तो हकला लिखा है. तुम कौन?”

मामांचा ताल सुटला. त्यांनी तो पुन्हा धरू पाहिला. बापाचं शेत डोळ्यांदेखत चाललं होतं. “म... म... म...” कपाळाच्या शिरा तटतटल्या, पण पुढचं अक्षर येईना. कारकून हसला नाही. त्याने लेखणी उचलली, ‘गणपत’ खोडलं आणि वडिलांना विचारून ‘मारोती’ लिहिलं.

शेत परत आलं. ताल मात्र पुन्हा कधी जमला नाही. पुढे एकदा मी म्हणालो, मामा, उस्तादांकडे परत जाऊन या. ते बराच वेळ अडले, पण या खेपेला त्यांनी दुसरा शब्द शोधला नाही.

“घडाघडा बोलायचा त्यो म... म... माणूस चांगला व्हता रे,” ते म्हणाले. “पर त्याला आपल्यात कुनीच वळखलं न्हाई.”

न ओळखणाऱ्यांत मीही होतो. ते मला अजून लागून राहिलं आहे.