मयताला न्यू इयरची घंटा

फिलोमिना टीचरने माझा हातच धरला. "हे बघ, माझ्या पप्पांच्या मयताला न्यू इयरची घंटा वाजली ना, तर त्याच खड्ड्यात तुलापण पुरीन!"

बोळिंजला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. टीचरच्या गावातल्या चर्चची घंटा आता दोरीने वाजत नाही, कॉम्प्युटरवरून स्पीकरवर वाजते. पण हल्ली कॉम्प्युटर चालू केला की नव्या वर्षाच्या स्वागताची घंटा धडाक्यात सुरू! आणि संध्याकाळी टीचरच्या पप्पांचा अंत्यविधी.

चर्चमध्ये जाऊन कॉम्प्युटर उघडला, रोग लगेच कळला. कॉम्प्युटर बंद असताना वेळ सांभाळतं मदरबोर्डवरचं एक छोटं घड्याळ. ते नाण्याएवढ्या चपट्या सेलवर चालतं. सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी, त्यालाच वेळ विचारतो आणि मुकाट्याने खरी मानतो. इथला सेल मेलेला. त्यामुळे दरवेळी उत्तर एकच : एक जानेवारी, रात्रीचे बारा. इंटरनेटवरून खरी वेळ येईपर्यंत घंटा वाजून मोकळी.

"सेल इतक्या लवकर कसा मेला?" मी विचारलं.

चर्चची देखभाल करणारे पास्कू अंकल छाती फुगवून म्हणाले, "मी रोज मेन स्विच पाडूनच घरी जातो. देवाघरची वीज फुकट जाळायची नाय!"

"अहो अंकल, लाईन चालू असली की सेलला आराम असतो. तुम्ही मेन पाडता, मग तो बिचारा एकटाच राबतो."

"म्हणजे मी काय पाप केलं?"

वाद नको म्हणून वेळ हाताने लावली. तेवढ्यात लाईट गेली, आली, आणि भरदुपारी अख्ख्या गावाला पुन्हा नवं वर्ष लागलं. टीचर रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बॅगेत सगळं होतं, नेमका सेल नव्हता. मयतामुळे गावातली दुकानं बंद, आणि बोळिंजला जाऊन यायला वेळ नव्हता.

"टीचर, घरात कशात असा सेल आहे का? गाडीची चावी, वजनकाटा, काहीही?"

ती तडक घरी गेली आणि पप्पांचं शुगर बघायचं मशीन घेऊन आली. "काढ यातला. जन्मभर चोरून केक खाल्ला आणि शिव्या या मशीनला दिल्या. आता कोणाची शुगर बघायची?"

सेल बसवला, वेळ लावली, मुद्दाम मेन पाडून पुन्हा चालू केला. सगळ्यांचे प्राण कानात. घंटा गप्प!

संध्याकाळी पेटी चर्चमधून निघाली, तेव्हा मयताची घंटा संथ, अगदी रीतसर वाजली. टीचरने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मग पोटभर रडली.

पास्कू अंकल अजून मेन पाडतात. मी दर नाताळाआधी जाऊन सेल बदलतो. माणूस बदलण्यापेक्षा ते सोपं पडतं.