भाईदास नानांची घरगाडी

भाईदास नाना एसटीच्या धुळ्यातल्या वर्कशॉपात बॉडी फिटर होते. पत्रा, रिव्हेट आणि वेल्डिंग यांखेरीज जगात विश्वास ठेवण्यासारखं काही नाही, असं त्यांचं मत. अपवाद एकच, रीत. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्या आजीनं सांगितलेली रीत. मोडली तर पेन्शन बंद होईल, अशा धाकानं नाना ती पाळत. त्यांच्या नूतनच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण तिला मूलबाळ नाही.

नूतन सुरतेला असते. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिला माहेरी येता येत नाही. मग नाना आणि त्यांची बायको लताअक्का सकाळच्या गाडीनं जायचे, बरोबर नेलेल्या दशम्या सुरतच्या स्टँडवर बसून खायचे, लेकीला डोळे भरून पाहायचे आणि तहानलेले परत यायचे. गेल्या दिवाळीनंतर मात्र अक्का बिथरल्या.

"माले आठ दिन आंडेरजोडे ऱ्हानं शे," त्या म्हणाल्या. "तुमनी रीत तुम्ही सांभाळा."

लेकीजवळ आठ दिवस, एवढंच मागणं. पण नवऱ्याला उपाशी ठेवून लेकीकडे जेवणं त्यांच्याही घशाखाली उतरलं नसतं, म्हणून त्या एकट्या गेल्या नाहीत. त्यांनी नानांच्या चहातली साखर तेवढी बंद केली.

शहाण्या माणसानं रीत सोडली असती. नानांनी घरगाडी घेतली. कुठल्याशा सहलवाल्यांची ती जुनी गाडी सुरत रोडवरच्या एका गॅरेजात निंबाखाली कैक वर्षं उभी होती. आत दोन पलंग, एक ओटा, एक कपाट. नानांचा हिशेब सरळ होता: आपलं घरच न्यायचं, लेकीच्या दारात उभं करायचं, अक्का लेकीजवळ राहील आणि खाईल आपल्याच घरचं. हे मला सांगताना त्यांचा चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. माझं घर त्यांच्या घराला भिंत लावून, त्यामुळे त्यांचं प्रत्येक खूळ आधी माझ्या वाट्याला येतं.

गल्लीत आणून लावलेली गाडी बाहेरून पांढरी, गुळगुळीत. नानांनी बोटाच्या पेरानं भिंत ठोकली आणि त्यांचं तोंड कडू झालं. आतलं प्लायवूड उचकटलं तर मागचा लोखंडी सांगाडा शिळ्या पापडासारखा हातात आला. खिडक्यांच्या फटीतून पावसाचं पाणी वर्षानुवर्षं आत मुरलं होतं. बाहेरचा फायबर निव्वळ लाजेकाजेस्तव उभा होता.

"शालिग्राम, लोखंडनं काम मन्हं शे," नाना मला म्हणाले. ते खरंच होतं. चांगलं लोखंड लागेपर्यंत सडका पाईप कापायचा, नवा चौकोनी पाईप जोडायचा, वर रेड ऑक्साईडचे दोन हात. प्रत्येक सांध्यावर ते मला बोट फिरवायला लावत, जणू माझ्या बोटाला काही कळतं. त्यांचं वेल्डिंग सुरू झालं की आमच्या गल्लीतले पंखे मंद होत आणि बाया खिडकीतून नानांच्या सात पिढ्यांची चौकशी करत. नानांना ऐकू जात नसे. नोकरीतही त्यांना सोयीपुरतंच ऐकू जायचं.

फायबरनं मात्र त्यांची जिरवली. भिंतींना ठिकठिकाणी भोकं होती. तिथं काचेच्या धाग्यांचं कापड लावून वर रेझिन थापायचं असतं, आणि रेझिनमध्ये ते घट्ट होण्याचं औषध थेंबाथेंबानं घालायचं असतं. दुकानदारानं हे दोनदा सांगितलं. पण नाना लग्नाच्या पंगतीचं वरण करायला बसल्यासारखे बसले. भर दुपारी, मे महिन्यातल्या धुळ्याच्या उन्हात, अख्खी बादली एकदम कालवली आणि थेंब मोजण्याऐवजी बाटलीच उपडी केली. ढवळायला अक्कांचा पितळी पळा घेतला. बादली तापली, धुरकटली, आणि पळा तिच्यात उभा तो उभाच राहिला. ती बादली आजही माझ्या फाटकाला टेका म्हणून आहे.

"फायबरले भलती घाई ऱ्हास," नाना एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे उठून वाटीवाटीनं कालवू लागले. सडका भाग घासून काढायचा, थरावर थर द्यायचे, रोलरनं बुडबुडे दाबायचे. काचेच्या धाग्यांनी अंगाला अशी खाज सुटायची की अक्कांनी त्यांचं अंथरूण घराबाहेरच्या ओट्यावर टाकलं. तिथं ते रात्रभर खाजवत बसलेले असायचे. पण भिंत उभी राहिली, आणि बरी उभी राहिली.

एवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले. त्यांनी छताला धरायच्या दांड्या लावल्या आणि स्वयंपाकाच्या ओट्यापासून ड्रायव्हरपर्यंत घंटीची दोरी ओढली. एक घंटी थांबायला, दोन निघायला.

"हाई घर शे का मोटर?" अक्कांनी विचारलं.

"दोन्ही," नाना म्हणाले.

निघालो तेव्हा मागं घेताना हाळी द्यायला माणूस हवा म्हणून मलाही नेलं. साक्रीला गाठोडी घेऊन उभ्या असलेल्या एका म्हातारीनं हात दाखवला आणि नानांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. म्हातारी विसरवाडीपर्यंत पलंगावर बसून आली, उतरताना तिकीट किती म्हणाली. अक्कांनी दोन घंट्या मारल्या.

सुरतेला जितेंद्रनं, म्हणजे जावयानं, सोसायटीच्या आवारात गाडी लावायची परवानगी काढून ठेवली होती. बिचाऱ्याला शेजाऱ्यांना काय सांगावं ते सुचत नव्हतं. संध्याकाळी सासूला भरवून नूतन खाली आली. पायरी चढून आत आली, पलंगावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "माय, भाकर टाक." जेवली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिथंच झोपली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिला शोधायला आलेला जितेंद्रही जेवून गेला. नाना फार खुशीत होते. रीतही शाबूत, बायकोही खूश आणि चहात साखर.

पण त्यानंतरच्या संध्याकाळी नूतन आली ती आत न शिरता पायरीवरच उभी राहिली.

"नाना, मी रोज तुमनाकडे जेवस. मन्ही चूल काय इतली वंगाळ शे? शेजारनी बाया इचारतस, तुना मायबाप घरमा काब्र येतस नहीत. मी काय सांगू? माले पोर नही म्हनीसन?"

अक्कांनी तोंडाला पदर लावला. मला नानांचा राग आला, अगदी मनापासून राग आला. इतका खटाटोप केला, पण या पोरीचा विचार काही केला नाही.

 नाना म्हणाले, "रीत अशी शे का आंडेरना घरमा जेवानं नही. हाई घर मन्हं शे. ताट आठे लई ये."

अशी पळवाट वकिलालाही सुचली नसती. नूतन हसत वर पळाली. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी घेऊन आली. लग्नानंतर लेकीच्या हातचं नाना पहिल्यांदाच जेवत होते. "मीठ कमी शे," म्हणाले आणि तीन बट्ट्या खाल्ल्या. डोळ्यांतलं पाणी भाजीच्या तिखटावर ढकललं.

जेवण झाल्यावर नूतन ताट घ्यायला वाकली, तर त्यांनी ते दिलं नाही. उष्टं ताट हातात घेऊन ते उठले आणि जिना चढू लागले. त्यांचा भरवसा नाही म्हणून मीही मागे गेलो. स्वयंपाकघरात त्यांनी ताट मोरीत ठेवलं, हात धुतले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"नूतन," ते म्हणाले, "पेलाभर पानी दे."

तिनं माठातून पेला भरला. तो इतका काठोकाठ होता की देताना थोडं पाणी फरशीवर सांडलं. उरलेलं नाना उभ्यानंच प्यायले आणि पेला पुन्हा तिच्यापुढे धरला.

"आखो दे," ते म्हणाले.