युसुफचाचांची हाक

या ग्रुपवर मी दोन वर्षांपासून आहे, पण फक्त वाचते. खरं सांगायचं तर बरेचसे अनुभव वाचून हसूच यायचं. आमच्या घरी असलं बोलणं कधी झालंच नाही. कोणी चकव्याची गोष्ट सुरू केली की बाबा उठून बैलांना पाणी दाखवायला निघून जायचे. मीही त्यांचीच मुलगी! त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. आणि हो, घाबरण्यासारखं यात काही नाही, ते आधीच सांगते.

आमचं गाव चिखली तालुक्यात, अमडापूरच्या जवळ. नाव देत नाही. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होते. दुसरं वर्ष संपवून सुट्टीत घरी आले होते, आणि सुट्टीचे शेवटचे तीन दिवस उरले होते. आईची चिवडा-शंकरपाळ्यांची गडबड, माझी अर्धी भरलेली बॅग... ज्यांनी हॉस्टेलचे दिवस काढलेत त्यांना ते दिवस कसे असतात ते माहीत आहे.

आमच्या शेताला लागून युसुफचाचांचं शेत, मध्ये फक्त एक बांध. बाबा आणि चाचा एकमेकांची पेरणी मिळून करायचे — आधी आमचं वावर, मग त्यांचं. चाचांचा आवाज म्हणजे काय सांगू! बांधावरून हाक मारली की रस्त्यावरची एसटी थांबेल. लहानपणी मी बकऱ्यांना ओळीत बसवून शिकवायचे, म्हणून ते मला 'मास्तरीण' म्हणायचे. पुण्याहून आले की पहिली हाक त्यांचीच — "ओ मास्तरीन, कधी आली वं?"

आदल्या हंगामात मात्र फार वाईट झालं. बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणून सगळ्यांनी तीच लावलेली, आणि बोंडं फोडून पाहिली तर आत अळी. मग फवारणीवर फवारणी. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेलेली, वारा नाही, आणि चाचा सलग दोन दिवस पाठीवर पंप घेऊन आत. तिसऱ्या दिवशी ते कपाशीच्या ओळीतच कोसळले. अकोल्याच्या दवाखान्यात कित्येक दिवस गळ्याला छेद देऊन घातलेली नळी होती. जीव वाचला, पण आवाज गेला. बोलायला गेले की नुसती हवा निघायची. चाची त्यांचे ओठ बघून काय म्हणायचंय ते ओळखायच्या.

एक कबूल करते. त्या सुट्टीत मी महिनाभर घरी होते आणि त्यांच्याकडे एकदाच गेले. त्यांनी मला बघून तोंड उघडलं आणि काही आलंच नाही... मला ते सहन होईना. नंतर मी रस्त्यानं जाताना त्यांचं घर टाळायचे. 'उद्या जाऊ' म्हणत म्हणत शेवटचे तीन दिवस उरले.

त्या दिवशी दुपारी मी बाबांचा डबा घेऊन शेतात गेले. ते वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, ठीक करायला अमडापूरला गेले होते. मी कोठ्यात थांबले. कोठा म्हणजे मातीच्या भिंती, वर टिनं, टिनांवर दगड. आत रिकाम्या पोत्यांची चळत होती, तिच्यावर आडवी झाले आणि कानात इअरफोन घालून गाणी लावली. साडेतीन-चार वाजले असतील. एकदम वादळ सुटलं — कोरडंच, धुळीचं. टिनं धडधडायला लागली. आमच्याकडे मे-जूनमध्ये हे नेहमीचंच, म्हणून मी उठलेही नाही. उलट गाण्याचा आवाज वाढवला.

आणि हाक आली.

"मुन्नी! भायेर निघ! भायेर निघ आधी!"

चाचांचा आवाज. पहिल्यासारखा, भरदार. कानाजवळ वगैरे नाही, बांधावरून यायचा तसाच, लांबून. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. इतक्या वर्षांची सवय! चाचांचा आवाज गेलाय हे त्या क्षणी डोक्यातच नव्हतं. मला वाटलं, मुन्नीआपा आली वाटतं. मुन्नीआपा म्हणजे चाचांची मुलगी, लग्न होऊन रोहिणखेडला गेलेली. ती कुठे आहे बघायला मी इअरफोन काढले आणि बाहेर आले.

सात-आठ पावलं गेले असेन. मागे असा आवाज झाला की पायाखालची जमीन हलली. वळून पाहिलं तर मागची भिंत आत पडलेली, टिनं खाली आलेली, आणि जिथे मी आडवी होते तिथे मातीचा ढीग. धुळीत पोती दिसतसुद्धा नव्हती.



बांधाकडून चाचा धावत येताना दिसले. त्यांना धाप लागत होती, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी. मागून चाची. चाचांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, खांदे चाचपले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले. आवाज न होता. तेव्हा मला एकदम आठवलं, यांचा तर आवाजच गेलाय.

तेवढ्यात मोटारसायकलवर बाबा पोचले. "काऊन वं? काय झालं? लागलं का तुले?"

मी काही बोलायच्या आतच चाची सांगायला लागल्या. "भाऊ, आमी बांधावर पऱ्हाट्या जमा करून राह्यलो व्हतो. यायनं पाह्यलं, भिताड झुकून राह्यलं. पोरगी आत गेलेली यायले मालूम व्हतं. लय वरडाले गेले हो... पन आवाज कुठी हाय? नुसती हवा. मुन्नी-मुन्नी करून तोंड हालवत व्हते. घाबरून आपल्या पोरीचंच नाव घेऊन राह्यले व्हते."

"चाची, तुम्हाले काहीच ऐकू नाही आलं?" मी विचारलं.

"मी यायच्या बाजूलेच व्हती ना बाई. काईच नाई."

आता सांगा. 'मुन्नी' हा शब्द मी कुठून आणला? मला ते जन्मात कधी मुन्नी म्हणाले नव्हते. माझ्याच मनानं धोका ओळखून आवाज तयार केला म्हणावं, तर त्या आवाजानं मला 'मास्तरीण' म्हणायला हवं होतं.

मी तेव्हा कोणालाच काही बोलले नाही. दोन दिवसांनी, निघायच्या सकाळी, चाचांच्या घरी गेले. चाचींनी चहा टाकला. मी चाचांच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. हाक कशी आली, शब्द काय होते, सगळं. मला एसटीवर सोडायला निघालेले बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते उठून गेले नाहीत.

चाचा जरा पुढे सरकले. मग ओठ हलवले. मला कळलं नाही, मी चाचींकडे पाहिलं.

"इचारून राह्यले, आवाज कसा व्हता? फाटलेला व्हता का?"

"नाही चाचा," मी म्हणाले. "पहिल्यासारखाच व्हता. एकदम तसाच."

ते हसले. गळ्यावर, नळीच्या व्रणावर हात ठेवला आणि पुन्हा काहीतरी म्हणाले.  चाची पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "म्हंतात... म्हंजे हाय अजून कुठंतरी."

पुण्यात माझ्या रूममेटचे काका घशाचे डॉक्टर होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, जबरदस्त धक्का बसला तर क्षणभर आवाज फुटूही शकतो. मग हातभर अंतरावर उभ्या असलेल्या चाचींना तो कसा नाही ऐकू आला? आणि वादळात, दोनशे पावलांवर, इअरफोन घातलेल्या मला कसा आला?  चाचांचा आवाज त्यानंतर कधीच परत आला नाही. अकोल्याला पुन्हा तपासलं, तिथेही तेच सांगितलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी अजूनही भूतबित मानत नाही. पण त्या दुपारी मी काय ऐकलं, ते मला आजही सांगता येत नाही.