तारखा संपल्यावर

माझा मुलगा उभ्या ट्रॉलीवर मागून आदळून गेला. अंथुर्ण्याच्या अलीकडे, दिवेलागणीला. उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यावरच थांबली होती. मागं दिवा नव्हता, लाल फडकं नव्हतं. ड्रायव्हरनं खूण म्हणून उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे रस्त्यावर टाकले होते. कारखाना चालू असला की आमच्याकडे सगळ्याच रस्त्यांवर वाढे सांडलेले असतात. ते बघून मोटरसायकल कोण थांबवतं?

मला त्या ड्रायव्हरला शिक्षा हवी होती. इंदापूरच्या कोर्टातली एकही तारीख मी चुकवली नाही. शेजारणी म्हणायच्या, कशाला जिवाला त्रास करून घेता. पण घरी माझ्यासमोर मुलाचं नाव कोणी घेत नव्हतं. मी आत आले की बोलणं थांबायचं. कोर्टात मात्र ते बापाच्या नावासकट खणखणीत घेतलं जायचं.

ड्रायव्हरनं तिथं सांगितलं, मी पंक्चरवाल्याला आणायला गेलो होतो, काही पाहिलं नाही. शिक्षा झाली. घरी येऊन मी पोटभर भाकरी खाल्ली. थोडे दिवस बरं वाटलं. मग तारखा नाहीत, नावही नाही. घर नुसतं गप्प.

ड्रायव्हर सुटल्याचं कळलं तेव्हा एसटीनं बारामतीला गेले, तिथून पिंपळीला त्याच्या घरी. तो शेळीला पाणी दाखवत होता. त्याची आई दारातच थांबली. तिला वाटलं, मी शिव्या द्यायला आले.

मी उभ्यानंच विचारलं, "तू तितं व्हतास का न्हाय? आता तुला कोण काय करणार न्हाय."

त्यानं पाण्याची बादली खाली ठेवली. "व्हतो, मावशी. वकिलानं न्हाय म्हणायला लावलं."

"माझा पोरगा काय बोलला का?"

"पाणी मागितलं. माझ्या कॅनमधलं पाजलं. मग म्हणला, गाडीचं लई मोडलंय का बघ."

हे त्याचंच बोलणं. सकाळी चहाच्या आधी गाडी पुसायचा तो. माझी नवी ओढणीसुद्धा एकदा त्यासाठी घेतली होती, मी चांगली चार शिव्या घातल्या होत्या.

त्याला झालेली शिक्षा कमीच होती, हे मी ड्रायव्हरला तोंडावर सांगितलं. आजही माझं तेच म्हणणं आहे. तो "व्हय" म्हणाला.

मग मी त्याच्या ओट्यावर बसले. म्हटलं, "पयल्यापासनं सांग. नाव घेऊन सांग."