उजवीकडून चढणारा

सोमवारी तिनं माझ्या उजव्या पायाला चिंधी बांधली. आम्हा नवराबायकोचं हे रोजचं काम त्या दिवशी शेवटचं झालं. गोंदियाचा बाजार करून परत निघालो होतो. मी सायकलच्या उजव्या अंगाला उभा, आणि ती खाली बसून माझं धोतर पोटरीशी आवळून त्यावर जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी गुंडाळून राहिली होती.

सारी दुनिया सायकलवर डावीकडून चढते. मी उजवीकडून. उजवीकडं साखळी असते, तर माझं धोतर चढतानाच तिच्या तोंडी जायचं. म्हणून ही चिंधी. दुसरं असं की सरकार सांगते डाव्या हातानं चाला. डावीकडून चढणारा माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो, मी उभा राहतो रस्त्याच्या मधात. मग ती मागं कॅरिअर धरून गाड्या पाहायची आणि रस्ता मोकळा झाला की म्हणायची, "चढा जी." तेव्हाच मी चढायचो. दोन पावलं पळून तीही मागं बसायची, पाय उजवीकडं सोडून. बाकीच्या बाया डावीकडं पाय सोडून धानाच्या बांध्या पाहत जातात, माझी बायको रस्ता पाहत जायची. "बैलांची दमनी आली जी, दाबून घ्या." "फटफटी आली." तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची फटफटी मला दिसायच्या आधी तिला दिसायची.

त्या सोमवारी चौकातला शिपाई ओरडला, "ऐ बाबा! सब बाएँ से चढ़ते हैं, तुम बीच सड़क में काहे मरने आते हो?"

ती चिंधीची गाठ मारता मारता म्हणाली, "घोडे की आदत है, साहेब."

"घोड़ा कहाँ है?"

"ये क्या खडा है," असं म्हणून तिनं माझ्याकडं बोट केलं.

शिपाई हसला, पानठेल्यावरचे हसले. मी पण हसलो. माझी चेष्टा तिनं केली तर मला चालायची.

घोड्याची गोष्ट खरी आहे. ती सांगतो, कारण ती मी आजवर खोटी सांगितली.

मी दुसरीपर्यंत शिकलो. जवान होतो तेव्हा आमच्या गावच्या मालगुजाराच्या तबेल्यात घोडे राखणारा साईस होतो. लग्नाला वर्ष झालं होतं, बायको तिथंच लीद काढायला यायची. मालगुजारानं जत्रेतून एक लाल घोडा आणला. अंगानं देखणा, पण पाठीवर कोणाला बसू देईना. मालगुजाराच्या पोराला पाडलं, कारभाऱ्याला पाडलं, मला तर दोनदा पाडलं. घोड्यावर डावीकडून चढायचं हा कायदा. रिकिबीत डावा पाय घालायचा आणि उजवा वरून फिरवायचा. आम्ही सारे कायद्यानं चढत होतो आणि कायद्यानं पडत होतो. मालगुजार म्हणाला, "चार दिवस पाह्यतो. मंग घोडा बी इकतो आन साईस बी बदलतो."

ती लीद काढता काढता मला म्हणाली, "तुमी डाव्या अंगानं कायले जाता जी?"

"मंग कोण्या अंगानं जाऊ?"

"मी डावीकडून टोपलं घेऊन गेली का तो कान पाडते. उजवीकडून गेली का काहीच नाई करत. त्याचा पयला मालक डावरा असन."

"तुले काय समजते घोड्यातलं?"

"मले नाई समजत. त्याले समजते ना."

दुसऱ्या दिवशी मी उजवीकडून गेलो. उजवा पाय रिकिबीत घातला, डावा फिरवला. घोडा देवळातल्या नंदीसारखा उभा राहिला. तळ्याच्या पाळीवरून दोन फेऱ्या मारून आलो तर अख्खं गाव जमलं होतं. मालगुजारानं विचारलं, "तुले कोणं सांगतलं बे?"

ती टोपलं घेऊन पाच हातांवर उभी होती. मी म्हणालो, "कोण सांगन? घोडा पाह्यला का समजते मले."

तिनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि गेली. त्या दिवसापासून मी घोडा ओळखणारा झालो. पार सडक अर्जुनी गावाकडून लोक घोडे दाखवायला यायचे. मी ऐटीत पाहायचो आणि घरी येऊन तिला विचारायचो. तो लाल घोडा नऊ वर्षं माझ्या बुडाखाली होता, दुसऱ्या कोणाला त्यानं बसू दिलं नाही. अंगाला वळण पडलं ते पडलंच. पुढं मालगुजारानं त्याची जुनी सायकल मला दिली, तर तिच्यावरही मी उजवीकडूनच चढलो.

हे सारं लेकीला मी खोटंच सांगितलं. ती दवनीवाड्याला दिली आहे, तीन कोसांवर. महिन्याभरापूर्वी बाळंत झाली. सोमवारी बाजारातून परत येताना बायको मागून म्हणाली, "आता नातू झाला. पोरगी त्याले बी तेच सांगन, का तुया आजानं घोडा ओळखला. एक डाव तरी खरं सांगा ना जी."

"येत्या गुरुवारी लेकीकडं जाऊन राहिलो ना? तवा सांगतो."

"मायासमोर सांगजा."

"तुयासमोरच सांगतो वो."

मंगळवारी दुपारी ती अंगणात सुंठ कुटत बसली होती, लेकीसाठी. बसल्या जागी कलंडली. मी पाणी आणेपर्यंत सारं झालं होतं. जुन्या माणसांनी सांगितलं, लेक ओली बाळंतीण आहे, तिला बोलावू नका, उजेड आहे तोवर आटपा. आटपलं.

बुधवारी सकाळी मी सायकल काढली. माझा पोरगा आडवा आला. म्हणाला, "बाबा, मी जातो ताईकडं. सुतकात लोक काय म्हणतीन? आन तुमाले मागून रस्ता कोण सांगन?"

"लोकाईले मनू दे. माह्या तोंडानं सांगाची गोष्ट हाय, तू काय सांगशीन?"

"मंग डावीकडून तरी चढा आता."

"हट बाजूला," म्हणालो.

पाय ओट्यावर ठेवून चिंधी बांधली. मधात उभा राहून मागंपुढं पाहिलं, "चढा जी" असं आपणच म्हटलं आणि उजवीकडून चढलो. वाटेत साखळीनं तीनदा धोतर धरलं. तीनदा उतरलो, सोडवलं, शिव्या दिल्या. चिंधी असून कसं धरते, ते काही समजेना.

दवनीवाड्यात लेक दारातच होती, पोराला पदराखाली घेऊन. तिनं आधी रिकामं कॅरिअर पाहिलं, मग माझ्या पायाकडं पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "चिंधी डाव्या पायाले काऊन बांधली?"

मी खाली पाहिलं. खरंच डाव्याला होती. जन्मात कधी आपल्या हातानं बांधली नव्हती.

"आई कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. ती खालीच बसली. तिच्या सासूनं पोराला घेतलं. शेजारपाजारचे आले, अंगण भरलं. एक म्हातारा मला ओसरीवर बसवत बाकीच्यांना म्हणाला, "हे तेच, घोडा ओळखणारे."

मी बसलो नाही. म्हणालो, "थांबा. घोडा मी नाई ओळखला. हिच्या आईनं ओळखला, लीद काढता काढता. मालगुजारानं इचारलं तवा ती पाच हातांवर उभी होती, आन मी खोटं बोललो. तिनं जन्मभर कोणाले सांगतलं नाई. सडक अर्जुनीवरून जे घोडे यायचे, ते बी तिनंच ओळखले. माह्या बायकोवानी घोडा ओळखणारं माणूस या मुलखात झालं नाई. मी निसता चढलो."

लेकीनं डोळे पुसले, जवळ आली, माझ्या डाव्या पायाची चिंधी सोडली आणि उजव्याला बांधली.