पाठ करून बसणारी

सातवीत शाळा सोडून परभणीहून गोव्यात मांद्र्याला एका गेस्टहाउसमध्ये कामाला आलो. तिथे मागच्या अंगणात मांजराचं एक रानटी पिल्लू सापडलं. जवळ गेलं की फिस्कारायचं. पाळावं की रानात सोडावं, मला काही सुचेना. रोज मागच्या दारी मासळी विकायला बसणाऱ्या मावशीला विचारलं.

“हातावर खाल्ल्यान तर ठेव, घेवन पळाला तर सोड,” म्हणत ती पिल्लाकडे पाठ करून बसली. तारली माशाचं डोकं तळहातावर ठेवून हात मागे धरला. पुढे गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत चालूच. पिल्लू सरपटत आलं आणि हातावरच खाऊ लागलं.

“रानटी खंयचा, भियाला ता,” मावशी हसली. “तू नवो इलंस तेवा तू पण माका बघून दारामागे लपलंस.”

तेव्हा उमगलं, त्या दिवसांत ती आमच्या दाराकडे पाठ करूनच का बसायची.